कांद्याची साठवण व नासाडीचा हिशेब

तहसील कचेरींतील कारकुनींत आमचीं तीसांवर वर्षें गेलीं. त्या काळांत गारपीट, अवकाळी पाऊस व पूर यांमुळें झालेल्या पीकहानीचे पंचनामे किती आमच्या हातांखालून गेले याची गणती नाहीं. तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक हे तिघे शेतावर जाऊन पंचनामा करीत; त्यांचीं एकत्रित विवरणपत्रें आमच्या टेबलावर येत; आणि ज्या खातेदाराचें नुकसान ३३ टक्के वा त्याहून अधिक भरे, त्याचें नांव मदतीच्या यादींत चढे. हा ३३ टक्क्यांचा दंडक सन २०१५ पासूनचा. त्यापूर्वीं तो ५० टक्क्यांचा होता.

सेवानिवृत्त होऊन घरची शेती स्वतः पाहूं लागल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. उभ्या पिकाचें नुकसान झालें तर त्याचा पंचनामा होतो. परंतु तेंच पीक काढून चाळींत भरलें, आणि तेथें त्याचा तिसरा हिस्सा नासला, तर त्याचा कागद कोणी करीत नाहीं. सरकार करीत नाहीं, व्यापारी करीत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर शेतकरी स्वतःहि करीत नाहीं. तो सडका माल पाट्यांत भरून बांधावर ओततो, हात धुतो आणि भावाला दोष देतो. प्रस्तुत लेखांत या न लिहिलेल्या पंचनाम्याविषयीं, आणि तो लिहिण्याची पाळी शक्य तों येऊं नये म्हणून काय करावें याविषयीं, व्यवहाराच्या चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण उन्हाळ कांद्याचें घेतलें आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत निघणारें हें पीक दिवाळीपर्यंत पुरवून विकावें लागतें, आणि साठवणीचे सर्व गुणदोष त्यांत स्पष्ट दिसतात.

हल्लीं ‘हरित तंत्र’ व ‘शाश्वत पुरवठा-साखळी’ हे शब्द सभांतून व वर्तमानपत्रांतून वारंवार कानीं पडतात. ऐकणाराला वाटतें कीं, हें कांहीं तरी परदेशचें महागडें यंत्र असावें. वस्तुतः त्याचा अर्थ सोपा आहे. माल शेतांतून निघून खाणाराच्या ताटांत पडेपर्यंत ज्या ज्या हातांतून जातो, ती साखळी. आणि त्या प्रत्येक कडीवर पाणी, खत, इंधन व माल व्यर्थ न जाईल अशी जी व्यवस्था, तें हरित तंत्र. या अर्थानें पाहिलें तर साखळीची पहिली कडी आपली आहे, आणि कांद्याच्या बाबतींत सर्वांत मोठी गळती याच कडींत आहे.

१. नासाडी म्हणजे काय

चाळींतील कांद्याची घट तीन प्रकारांनीं होते. पहिली, वजनाची घट. कांदा हा जिवंत पदार्थ आहे. तो श्वास घेतो व त्यांतील पाणी हळूहळू उडतें. दुसरी, सड. ती बुरशी व सूक्ष्म जंतु यांमुळें होते. तिसरी, कोंब येणें. चार-पांच महिन्यांच्या साठवणींत या तिन्ही मिळून साधारणतः ३० ते ४० टक्के घट येते असें मानतात. साधन वाईट असेल तर याहूनहि अधिक.

या तिन्हींत भेद करणें अवश्य आहे. वजनाची घट अजिबात थांबविणें आपल्या हातीं नाहीं. ती कमी करतां येते, इतकेंच. परंतु सड व कोंब हीं बहुतांशीं टाळतां येण्यासारखीं आहेत, आणि ज्याला खरी नासाडी म्हणावें ती हीच.

आतां या नासाडीबरोबर काय काय जातें तें पाहूं. एकरीं १०० क्विंटल उत्पन्न धरावें. उन्हाळ कांद्यास बारा ते पंधरा पाळ्या पाणी लागतें. सर्व पाळ्या मिळून ६० सेंटिमीटर खोलीचें पाणी दिलें असें धरलें, तर एका एकरास सुमारें २४ लक्ष लिटर पाणी होतें, म्हणजे एका किलो कांद्यामागें २४० लिटर. शंभरांपैकीं १५ क्विंटल कांदा सडून वा कोंब येऊन फेंकावा लागला, तर त्याबरोबर ३ लक्ष ६० हजार लिटर पाणी फेंकलें गेलें. दहा हजार लिटरचे हे छत्तीस टँकर झाले. ज्या गांवांत चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहत बायका घागरी घेऊन उभ्या राहतात, त्याच गांवांत भाद्रपदांत छत्तीस टँकरांचें पाणी बांधावर सडत पडतें, आणि त्याची खंत कोणास नसते. कारण तें पाणी म्हणून दिसत नाहीं.

खताचेंहि तसेंच. उन्हाळ कांद्यास हेक्टरीं ११० किलो नत्राची शिफारस धरली, तर एकरीं सुमारें ४५ किलो नत्र होतें. युरियाच्या हिशेबानें ४५ किलोच्या दोन गोण्या भरून थोडा वर. हा युरिया करण्यास नैसर्गिक वायु जळतो, आणि जमिनींत पडलेल्या नत्राचा कांहीं अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेंत जातो. हा वायु हवा तापविण्यांत कर्बवायूहून कित्येक पटींनीं प्रबळ आहे. शिवाय पंपाची वीज, ट्रॅक्टरचें डिझेल, आणि लागवडीस व काढणीस वांकलेल्या माणसांचे श्रम. कांदा सडतो तेव्हां हें सारें सडतें.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें सन २०११ मध्यें असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, जगांत माणसांसाठीं पिकविलेल्या अन्नापैकीं सुमारें एक तृतीयांश, म्हणजे १३० कोटी टन, दरसाल वायां जातें. त्याच संघटनेच्या सन २०१३ च्या अहवालांत या नासाडीमुळें हवेंत जाणाऱ्या वायूंचें मान ३३० कोटी टन कर्बवायूइतकें धरलें आहे. आकडे फार मोठे आहेत. परंतु ते अशाच लहान लहान ढिगांचे बनलेले आहेत.

२. साठवण शेतांतच सुरू होते

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, चाळ चांगली असली म्हणजे कोणताहि कांदा टिकतो. ही समजूत चुकीची आहे. चाळ कांद्याचे गुण राखते. नसलेले गुण देत नाहीं.

बियाणें: खरिपाचा लाल कांदा टिकत नाहीं, तो काढल्याबरोबर विकावा. साठवणीसाठीं उन्हाळ जातींपैकीं एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड, भीमा किरण, भीमा शक्ति यांसारख्या टिकाऊ जाती घ्याव्या. यांतील शेवटच्या दोन राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयानें दिलेल्या आहेत.

खत: लागवडीपासून साठ दिवसांनंतर नत्र मुळींच देऊं नये. उशिरां दिलेल्या युरियानें कांदा फुगतो, मान जाड राहते, आणि जाड मानेंतून बुरशी आंत शिरते. बाजारांत वजन दिसावें म्हणून जो शेवटचा युरिया दिला जातो, तोच पुढें चाळींत सड होऊन परत येतो. गंधकयुक्त खत मात्र टिकाऊपणास उपकारक आहे.

पाणी: काढणीपूर्वीं दहा ते पंधरा दिवस पाणी तोडावें. निम्म्या माना पडल्या म्हणजे काढणीस आरंभ करावा.

वाळवण: काढलेला कांदा ढीग करून टाकूं नये. पातीसकट ओळींत असा पसरावा कीं, एका ओळीच्या पातीनें मागील ओळीचे कांदे झांकले जातील. असा तीन ते पांच दिवस ठेवावा. मग एक इंच मान राखून पात कापावी. मान अगदीं मुळाशीं कापणें म्हणजे घराचें दार उघडें टाकून निजणें होय. त्यानंतर दहा ते बारा दिवस सावलींत पातळ थरानें सुकवावा, म्हणजे वरचें टरफल वाळून कांद्यावर घट्ट बसतें. हे दहा-बारा दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. परंतु चार महिन्यांचें आयुष्य याच दिवसांत ठरतें.

निवड: जोडकांदा, डेंगळ्याचा कांदा, जाड मानेचा, कुदळीनें वा खुरप्यानें कापला गेलेला, आणि गोल्टी हा सर्व माल लगेच विकावा. चाळींत फक्त मध्यम आकाराचा, बारीक मानेचा, निरोगी कांदा जावा. एक सडका कांदा ढिगांत गेला तर तो एकटा सडत नाहीं.

३. चाळ कशी असावी, आणि आमची कशी नव्हती

नोकरींत असतांना सन २०१९ मध्यें आम्हीं घरामागें पहिली चाळ बांधविली. बांधणाराचा यांत दोष नाहीं. आम्हीं सांगितलें तसें त्यानें केलें. जागा कमी लागावी म्हणून ती घराच्या भिंतीला टेकविली. स्वस्त पडावें म्हणून पत्रा घातला. चोरीचें भय म्हणून दोन बाजूंस विटांच्या भिंती घेतल्या. तळ जमिनीवरच ठेविला. मे अखेरीस वळीव पडून गेल्यावर काढलेला कांदा दोन दिवस उन्हांत ठेवून आम्हीं तींत सात फूट उंचीपर्यंत भरला. गाड्यांच्या अंदाजानें तो ११० क्विंटल असावा. वजन मात्र केलें नव्हतें.

श्रावणांत चाळींतून वास येऊं लागला. वरचा थर चांगला दिसे म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. भाद्रपदांत ढीग उपसला तेव्हां खालचे दोन फूट काळ्या पाण्यांत बसले होते. काट्यावर ६४ क्विंटल भरला. आमचे थोरले बंधू पाटी उचलतां उचलतां म्हणाले, “अरे, गांवाचे पंचनामे तुझ्या कचेरींत होतात; आपल्या घरचा कोण करणार?” त्या वर्षीं घरांतील एका मुलीच्या शिक्षणाचे पैसे या कांद्यावर धरले होते, ते पतसंस्थेकडून व्याजानें काढावे लागले. ही गोष्ट येथें लिहिण्याचें कारण इतकेंच कीं, चाळींतील नुकसान हें गणितांतलें नुकसान नव्हे, हें वाचकांच्या ध्यानीं यावें.

पुढील वर्षीं राजगुरुनगरच्या नमुन्याप्रमाणें चाळ पुन्हां बांधली. तिचें तत्त्व एकच आहे: हवा खालून आंत यावी, ढिगांतून वर जावी, आणि चारी बाजूंनीं तिला वाट असावी. कांद्यास २५ ते ३० अंश उष्णता व ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आर्द्रता याहून वाढली कीं काजळी व सड वाढते. हवा फार कोरडी व उष्ण झाली कीं वजन उडतें. या दोहोंमधील वाट वारा काढून देतो.

मापें पुढीलप्रमाणें धरावीं:

जागा उंच, पाणी न साचणारी व वारा लागणारी असावी. उंच इमारती वा दाट झाडें वाऱ्याच्या वाटेंत नसावीं.

एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी चाळ पूर्वपश्चिम बांधावी.

तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, व फटी ठेवून बसविलेल्या बांबूंचा वा पट्ट्यांचा असावा. तळाखालीं हवा खेळली पाहिजे. तेथें सामान भरूं नये. अनेक घरीं ही जागा नांगर, पाइप व जुनीं पोतीं यांनीं भरलेली आम्हीं पाहिली आहे. तें करणें म्हणजे चाळीचें नाक दाबणें होय.

बाजूच्या भिंतीहि फटींच्याच असाव्या. पक्क्या भिंती नसाव्या.

छप्पर कौलांचें वा सिमेंटच्या पत्र्यांचें बरें. लोखंडी पत्रा तापतो. तो असेलच तर त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा. छप्पर दोन्ही अंगांस तीन फूट पुढें काढावें, म्हणजे पावसाची झड व दुपारचें ऊन ढिगास लागत नाहीं.

ढिगाची रुंदी चार फूट व उंची पांच फूट याहून अधिक नसावी. दुपाखी चाळ चाळीस फूट लांब घेतली तर या मापानें दोन्ही पाख्यांत मिळून सुमारें २५ टन कांदा मावतो.

भरण्यापूर्वीं चाळ झाडून मागील सालचीं टरफलें दूर न्यावीं. भरतांना पाटी उंचावरून ओतूं नये. आपटलेल्या कांद्याचा डाग बाहेरून दिसत नाहीं, पण सड तेथूनच लागते. झड लागूं नये म्हणून बाजूस बारदान वा ताडपत्री सोडली, तर पाऊस थांबतांच ती वर करावी. कित्येक चाळींना जूनमध्यें बांधलेली ताडपत्री सप्टेंबरपर्यंत तशीच असते, आणि आंतला कांदा पावसानें नव्हे, स्वतःच्याच वाफेनें भिजतो.

या सर्व रचनेला विजेचा एक दिवाहि लागत नाहीं. तिचें इंधन वारा आहे. हरित तंत्र पाहावयास लांब जाण्याचें कारण नाहीं असें जें आम्ही म्हणतों तें यासाठीं. चाळीसाठीं सरकारी अनुदानाच्या योजना आहेत. परंतु त्यांचे दर व अटी वेळोवेळीं बदलतात, म्हणून बांधकामास हात घालण्यापूर्वीं तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कचेरींत चौकशी करून घ्यावी. मंजुरीपूर्वीं केलेल्या खर्चाची भरपाई मागत फिरणारे लोक आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिले आहेत.

४. पंखा, शीतगृह व किरण

कांहीं शेतकरी ढिगाखालीं छिद्रांचे नळ घालून पंख्यानें हवा सोडतात. दमट दिवसांत याचा उपयोग होतो. सूर्यशक्तीवर चालणारा पंखा असेल तर वीजबिलाचीहि काळजी नाहीं. परंतु चाळीची मूळ रचना चुकली असेल तर पंखा तिला सुधारीत नाहीं. आणि पावसाळी रात्रीची ओली हवा आंत ढकलली तर तो अपायच करील. पंखा केव्हां बंद ठेवावा हें ज्यास कळतें त्यानेंच तो घ्यावा.

शीतगृहांत शून्य ते दोन अंशांवर व ६० ते ६५ टक्के आर्द्रतेंत कांदा फार दिवस राहतो. अडचण दोन आहेत. एक, महिनोगणती विजेचा खर्च. कांद्यासारख्या स्वस्त मालास तो क्वचितच परवडतो. दुसरी, बाहेर काढल्यावर कांद्यास लवकर कोंब फुटतो. दहा ते वीस अंशांच्या मधल्या थंडींत तर कोंब सर्वांत अधिक येतात. म्हणून अर्धवट थंड खोली ही साध्या चाळीहून वाईट.

लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें या शतकाच्या आरंभीं ‘कृषक’ नांवाचें विकिरण केंद्र उभारिलें. सन २००७ मध्यें हापूस आंबा अमेरिकेस गेला तो येथेंच किरणप्रक्रिया होऊन. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा अल्पसा मारा दिला असतां कांद्याची कोंब काढण्याची शक्ति नाहींशी होते. कांदा त्यानें किरणोत्सर्गी होत नाहीं. ती भीति निराधार आहे. परंतु किरणांनीं कोंब थांबतो, सड थांबत नाहीं, आणि वजनाची घटहि थांबत नाहीं. ज्याचा कांदा वाळवणींतच कच्चा राहिला त्यास किरणांचा उपयोग नाहीं. यंत्र कोणतेंहि असो, त्याच्या आधीं शेतांतलें काम चोख असावें लागतें, हाच या सर्वांचा बोध.

५. बाजार व वाहतूक

आपला कांदा ट्रॅक्टरांतून बाजार समितींत जातो, लिलाव होतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर पुन्हां निवडला जातो, गोण्यांत भरतो, मालमोटारींत वा वाघिणींत चढतो, दूरच्या शहरांत उतरतो, आणि तेथें आणखी दोन-तीन हात बदलून गिऱ्हाइकास मिळतो. प्रत्येक चढ-उतारीस थोडा माल फुटतो. म्हणून जितके हात कमी तितकी नासाडी कमी. दहा-वीस सभासदांनीं एकत्र निवड व प्रतवारी करून एकजात माल काढला तर एक चढ-उतार वांचते, आणि भावांतहि तें दिसतें.

लांबच्या वाहतुकीस रेल्वेसारखें साधन नाहीं. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास रेल्वेस मालमोटारीपेक्षां फारच थोडें इंधन लागतें. सन २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या ७ तारखेस देवळालीहून बिहारांतील दानापूरपर्यंत पहिली किसान रेल्वे सुटली. ऑक्टोबर २०२४ मध्यें नाशिक जिल्ह्यांतून ४२ वाघिणींत भरून सुमारें १,६०० टन कांदा दिल्लीच्या किशनगंज स्टेशनावर गेला. तीस टनी मालमोटारी धरल्या तर या एका गाडीनें त्रेपन्न मोटारींचें काम केलें. परंतु अख्खी गाडी भरण्यास एकाच वेळीं, एकाच ठिकाणीं पुष्कळ माल तयार लागतो. एकट्या शेतकऱ्याचें तें काम नव्हे. संघशक्तीवांचून रेल्वे दारावरून निघून जाते.

या साखळीच्या दुसऱ्या टोंकाकडूनहि आतां प्रश्न येऊं लागले आहेत. द्राक्षांच्या बाबतींत ‘अपेडा’नें सन २००६ मध्यें ‘ग्रेपनेट’ सुरू केलें, तेव्हांपासून युरोपांत गेलेली पेटी कोणत्या बागेची हें शोधून काढतां येतें. सन २०२२-२३ पासून शेअरबाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांना आपल्या व्यवहाराचा पर्यावरणावर काय परिणाम होतो याचा वार्षिक अहवाल देणें ‘सेबी’नें आवश्यक केलें आहे. अशा कंपन्या माल घेतील तेव्हां पाणी किती, खत किती, नासाडी किती, हें त्या आज ना उद्यां आपणांस विचारतील. ज्याच्याजवळ वही आहे तो उत्तर देईल. ज्याच्याजवळ नाहीं त्याच्या वतीनें दुसरा कोणी उत्तर लिहील, आणि तें आपल्या हिताचें असेलच असें नाहीं.

६. सडलेल्या कांद्याची विल्हेवाट

इतकें करूनहि थोडा कांदा सडणारच. तो रस्त्याकडेला वा ओढ्यांत टाकूं नये. ओल्या ढिगांत हवा शिरत नाहीं, दुर्गंधि सुटते, व मिथेन वायु होतो. त्याऐवजीं खड्डा किंवा ढीग करून पाचट, भुसा वा वाळला पाला, त्यावर सडका कांदा, त्यावर शेणकाला, असे पातळ थर द्यावे व पंधरा दिवसांनीं ढीग वरखालीं करावा. खत पूर्ण कुजल्यावर तें कांद्याच्या शेतास न देतां दुसऱ्या पिकास द्यावें, म्हणजे रोग त्याच मातींत परत जात नाहीं.

७. चाळीची वही

आतां मुख्य गोष्ट. चाळीस एक वही ठेवावी. तींत पुढील नोंदी पुरेत: जात, लागवडीची व काढणीची तारीख, शेवटच्या नत्राची तारीख, भरतांना वजन, त्या दिवसाचा भाव, दर पंधरवड्यास काढलेल्या सडक्या व कोंबाच्या कांद्याचें वजन, विक्रीचें वजन व भाव. भरलेल्या वजनांतून विकलेलें व फेंकलेलें वजन वजा केलें कीं वाळून गेलेलें वजन निघतें. आमच्या नव्या चाळीची एका वर्षाची नोंद अशी आहे: भरला ९६ क्विंटल, सडका काढला ५, कोंबाचा १, विकला ७७, वाळून घट १३. एकूण घट १९ क्विंटल, म्हणजे सुमारें २० टक्के. जुन्या चाळींत ती अंदाजें ४२ टक्के होती.

या दोन आकड्यांचा अर्थ भावाच्या भाषेंत असा. उदाहरणादाखल मे महिन्यांत भाव क्विंटलास १,००० रुपये धरूं. शंभर क्विंटल तेव्हांच विकला तर एक लक्ष रुपये येतात. तोच साठविला, आणि ४२ टक्के घटला, तर उरलेल्या ५८ क्विंटलांतून एक लक्ष उभे राहण्यास भाव १,७२४ रुपये मिळावा लागतो. घट २० टक्केच असेल तर १,२५० रुपयांत बरोबरी होते. हमाली व व्याज दोन्हींकडे निराळें. म्हणजे वाईट चाळीचा धनी जेथें बुडतो, तेथें चांगल्या चाळीचा धनी क्विंटलामागें पावणेपांचशें रुपयांनीं आधीं सुटतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. साठवण म्हणजे हमखास नफा नव्हे. सन २०२३ च्या १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ती सन २०२४ च्या ४ मे रोजीं अटींवर खुली झाली. आणि शुल्क पूर्णपणें उठलें तें सन २०२५ च्या १ एप्रिलला. या काळांत उत्तम चाळीचे धनीहि पोळले. म्हणून सर्व माल एकदांच साठवूं नये व एकदांच विकूंहि नये; तीन-चार हप्त्यांनीं काढावा, आणि देणें जितकें डोक्यावर असेल तितका माल काढणीबरोबर विकून मोकळें व्हावें. भाव आपल्या हातीं नाहीं. घट मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. आणि जें हातीं आहे तें सोडून जें हातीं नाहीं त्याचीच चर्चा पारावर करीत बसणें हा शहाणपणा नव्हे.

आमची संघाच्या सभासदांस विनंति आहे कीं, प्रत्येकानें यंदाच्या भरणीपासून वही घालावी आणि कार्तिकांत होणाऱ्या सभेस ती बरोबर आणावी. कोणाची घट अधिक, कोणाची कमी, याची लाज धरूं नये. पंधरा-वीस वह्या एका जागीं ठेवून वाचल्या तर आपल्या गांवच्या मातींत, आपल्या वाऱ्यांत, कोणती जात व कोणती चाळ टिकते हें आपणांस जितकें कळेल तितकें बाहेरून येऊन कोणी सांगूं शकणार नाहीं. तीस वर्षें आम्हीं दुसऱ्यांच्या नुकसानीचे कागद केले. त्यांत एक गोष्ट पटली: जें नुकसान लिहिलें जातें त्याचा उपाय शोधला जातो, आणि जें लिहिलें जात नाहीं तें दरसाल पुन्हां होतें. आमची वही, सन २०१९ च्या ४२ टक्क्यांच्या पानासकट, त्या दिवशीं सभेंत पाहावयास ठेवूं.